तिसऱ्यांचा हिवाळा

पेणच्या बाजारात परवा तिसऱ्या आल्या. मासळीच्या ओट्यांवर नाही. बाहेर, रस्त्याच्या कडेला, खाडीकाठच्या बायका गोणपाट अंथरून बसतात तिथे. ओल्या, राखाडी, पाठीवर पांढऱ्या रेघा असलेल्या शिंपल्यांचे लहान लहान वाटे लावले होते. एका बाईने एका वाट्यावर मूठभर तिसऱ्या आणखी टाकल्या आणि शिंपीवर शिंप आपटल्याचा तो आवाज झाला. मी वह्या छातीशी धरून कॉलेजला चालले होते, ती तिथेच थांबले.

"घे गो बाय, सकालच्याच हायत. नुसती बघतेस काय?"

"नको," म्हटलं आणि निघाले. वर्गात पोचेपर्यंत त्या 'नको'चा मलाच राग येत राहिला. माझ्या तोंडून हा शब्द इतक्या सहज का निघतो, हे मला माहीत आहे. तेच लिहायचं आहे. नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात सहीपलीकडे काही लिहिणारी मी पहिलीच. माझ्या लिहिण्याला आडवं येऊन 'असं नाही, तसं' म्हणणारं घरात कुणी नाही. यात फायदा आहे, असं मला पूर्वी वाटायचं.

आमचं गाव रोह्याच्या खाली, कुंडलिकेच्या खाडीवर. घराच्या मागे बांध, बांधापलीकडे तिवरांची झाडी आणि त्यापलीकडे चिखल. पावसाळ्यात तो चिखल दिसतच नाही, सगळं एकच लाल पाणी. दिवाळी सरली की पाणी निवळतं, वारा कोरडा होतो आणि ओहोटीला खाडी आपली पाठ उघडी टाकते. सकाळच्या उन्हात तो चिखल चकाकतो. त्याला एक वास असतो, मिठाचा, कुजलेल्या पानांचा, थोडा लोखंडासारखा. पेणच्या मिठागरांवरून वारा आला की तसाच वास येतो, पण अगदी तोच नाही. वडखळ ओलांडून एसटी पेणकडे वळते तेव्हा मी खिडकी उघडी ठेवते आणि दर वेळी फसते.

अम्मा त्या चिखलात जायची. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून, कमरेला जाळीची पिशवी. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण चंद्र वाचता यायचा. आज आठवा चांद, म्हणजे भांग, पाणी फार हटणार नाही. परवापासून पाणी लांब जाईल, अवसेला उधाण, तेव्हा पलीकडची पट्टी उघडी पडेल. ज्या चंद्रावर तिचे रोजे आणि ईद ठरायची त्याच चंद्रावर तिची खाडी ठरायची. तिला त्यात दोन गोष्टी दिसतच नव्हत्या.

बरोबर शेजारची हिरामावशी असायची. ती आगरी, आम्ही मुसलमान, पण चिखलात दोघींचा रंग एकच. लहानपणी मी बांधावर बसून दोघींची बडबड ऐकायची. चिखलावर निवट्या उड्या मारत असायच्या, फुगऱ्या डोळ्यांच्या, बोटभर लांब.

"गो फातमा," हिरामावशी ओरडायची, "ही निवटी बघ. पाण्यात पोहते, चिखलात चालते, तिवरावर चढून बसते. हिला मासा म्हनू का पाखरू?"

"रश्श्यात पडली का मासाच," अम्मा म्हणायची. "तुजी जीब पन तशीच हाय. कुठं पन चढते."

मला मात्र दोघी चिखलात उतरू द्यायच्या नाहीत. "तुजे हात पेनाचे हायत," अम्मा म्हणायची. "शिंपीनं कापले तर लिवशील कशी?" मी मोठ्या ऐटीत बांधावरच बसून राहायची.

घरी आलं की तिसऱ्या मिठाच्या पाण्यात घालायच्या, मग विळीवर एक एक उघडायची. ज्या शिंपीला मांस चिकटलेलं, तेवढी ठेवायची. ओल्या खोबऱ्याचं वाटण, चिंचेचा कोळ, वरून नारळाचं दूध. तांदळाची भाकरी. जुम्म्याच्या दिवशी एक झाकलेलं भांडं मशिदीतल्या मौलवीसाहेबांकडे जायचं. ते श्रीवर्धनकडचे, एकटे राहायचे, म्हातारे. अब्बा रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचे, त्यांच्या डब्यातही तेच. आणि मी बारावी होऊन पेणला सख्ख्या मावशीकडे राहायला गेले, तेव्हा दर सोमवारी पहाटेच्या गाडीला माझ्या हातातही तेच. माझ्या कॉलेजची फीसुद्धा त्याच चिखलातून निघाली. अम्मा आणि हिरामावशी रोह्याच्या बाजारात वाटे लावून बसायच्या.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी नाझनीन माझ्या बाकावर होती. तिचे आजोबा उत्तरेकडून गाद्या भरायच्या कामासाठी पेणला आले आणि इथलेच झाले. गोरी, हळू बोलणारी, कुणाला न दुखावणारी मुलगी. मुद्दाम सांगते, तिचा काही दोष नाही. नोव्हेंबरमधल्या एका सोमवारी मी डबा उघडला आणि तिच्यापुढे सरकवला. तिने आत पाहिलं आणि हात मागे घेतला.

"हे आमच्यात नाही चालत गं," ती म्हणाली.

"तिखट नाहीये."

"तसं नाही. शिंपलेवालं नाही खात आम्ही. मासाच फक्त. चिंबोरी पण नाही. कोलंबी अम्मी खाते, दादी नाही खात. त्यावर घरात भांडण आहे." ती हसली. "तुमच्यात खातात?"

त्या 'तुमच्यात'ने मी गोंधळले. आमच्यात म्हणजे कुणात? ती मुसलमान, मीही मुसलमान. लहानपणी मदरशात मी अरबी अक्षरं घोकली होती, नमाज शिकले होते. पण खाडीतलं काय चालतं, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारलाच नव्हता. मला वाटलं, आम्ही गावंढळ. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. ज्यांच्या घरात दादीसुद्धा वाचते त्यांना माहीत, आम्हाला नाही. शिकायला आलेल्या मुलीला अशी वाक्यं फार लवकर सुचतात.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडून एक पातळ पुस्तिका मागून नेली. हिंदी अक्षरांत होती, म्हणून मला वाचता आली. त्यात एक पान पाण्यातल्या जिवांवर होतं. मासा हलाल, कापावा लागत नाही. माशाखेरीज पाण्यातलं इतर काही नाही, खेकडा नाही, शिंपले नाहीत. पाण्यात आपोआप मरून वर तरंगणारा मासाही नाही. सगळं स्वच्छ, क्रमाने, छापलेलं. छापलेल्या गोष्टीला दुसरी बाजू असू शकते, हे मला अजून शिकवलं गेलं नव्हतं. पुस्तिका कोणत्या पंथाच्या लोकांसाठी आहे, ते पहिल्याच पानावर लिहिलं होतं. पहिलं पान मी वाचलं नाही. मी थेट अनुक्रमणिकेकडे गेले, परीक्षेचं पुस्तक वाचतात तशी.

नाताळच्या सुट्टीत मी घरी गेले. दुपार होती. अम्मा नुकतीच खाडीवरून आली होती, तिच्या पिंढऱ्यांवर चिखल वाळून पांढरा पडला होता. टोपली दारात होती. मी म्हटलं, "अम्मा, बस. तुला एक वाचून दाखवते."

ती ओढणीला हात पुसत बसली. मी वाचलेलं ऐकायला तिला फार आवडायचं. मी इतिहास वाचला तरी ती मान डोलवायची. मी ते पान वाचलं, आणि प्रत्येक वाक्यानंतर तिला आपल्या भाषेत सांगितलं. खरं सांगते, वाचताना मला माझा आवाज आवडत होता.

तिने ओढणीला पुन्हा हात पुसले. मग म्हणाली, "तिसरी पन?"

"शिंपल्यातलं सगळंच."

"लिवलंय तसं?"

"हे बघ ना," म्हणून मी तिला पान दाखवलं. वाचता न येणाऱ्या माणसाला मी पुरावा दाखवत होते.

तिने पानावर बोट ठेवलं, तांदूळ निवडताना ठेवायची तसं, अलगद. "म्हंजे मी ईस वरसं तुमच्या तोंडात काय घातलं गो?"

"माहीत नव्हतं ना तुला. माहीत नसलं तर गुन्हा नसतो." हे मी मनाने सांगितलं. पुस्तिकेत नव्हतं.

"आनि मौलवीसाबांच्या?" तिचा आवाज खाली गेला. "दर जुम्म्याला त्यांना धाडते ते? ते बिचारे डोळ्यांनी अधू, ताटात काय हाय ते न बघता खातात. त्यांचा रोजा, त्यांचा नमाज, सगल्यात मी हे मिसलवलं?"

"विचारू या त्यांनाच."

"नको!" ती इतकी दचकली की मीच घाबरले. "काय विचारू? तुमाला मी हराम खिलवलं, ते सांगू? कुनाला बोलू नको. तुला माजी आन."

मग ती उठली. टोपली डोक्यावर घेतली आणि बांध उतरून गेली. भरती लागली होती. मी बांधावरून पाहत होते. पाण्यात गुडघाभर उभी राहून तिने सगळ्या तिसऱ्या खाडीत सोडल्या, ओतल्या नाहीत, मूठ मूठ करून सोडल्या. परत आल्यावर म्हणाली, "जिवंत व्हत्या. जगतील." मग रश्श्याचं पातेलं घेतलं आणि राखेने तीनदा घासलं.

त्या दिवशी मला वाटलं, मी काहीतरी चांगलं केलं. शिकल्याचा घराला उपयोग झाला.

अम्मा पुन्हा चिखलात गेली नाही. हिरामावशीला तिने गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. हिरामावशी कुडाबाहेरून ओरडायची, "गो, गुडगं तर माजे पन दुखतात, त्यांना मी इचारते काय?" अम्मा आतून हसल्यासारखं करायची. मग अम्मा एका वीटभट्टीवर जायला लागली. दर गुरुवारी रोजा धरायला लागली, वीटभट्टीच्या कामातसुद्धा. अब्बांनी विचारलं तर म्हणायची, जुने राहिलेत. किती राहिलेत ते तिने स्वतःच ठरवलं होतं. ती कशाची भरपाई करतेय ते मला कळत होतं आणि मी गप्प होते, कारण मला ते पवित्र वाटत होतं.

पुढच्या पावसाळ्यात ती आजारी पडली. डोळे पिवळे, अन्नाची शिसारी. रोह्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषधं दिली. त्या आजाराचा माझ्या पुस्तिकेशी काही संबंध नाही, हे मी पन्नास वेळा स्वतःला सांगितलं आहे, आणि ते खरंही आहे. पण एक दुपार त्यात बसत नाही. पावसाने उघडीप दिली होती. हिरामावशी कुठूनतरी, त्या दिवसांत मिळत नाहीत तरी, ओंजळभर तिसऱ्या मिळवून त्यांचं पातळ सार घेऊन आली. तिखट नाही, तेल नाही. "दोन घोट घे फातमा. तोंडाला चव येल."

वास खोलीभर पसरला. अम्माचे डोळे उघडले. मी तिच्या उशाशी होते, मी पाहिलं. कित्येक दिवसांनी तिच्या घशाशी काहीतरी हललं, लहान मुलाचं हलतं तसं. तिने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे विचारल्यासारखं पाहिलं. आणि मी मान खाली घातली. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

"ऱ्हाऊदे गो हिरा. नको."

हिरामावशी वाटी घेऊन परत गेली. तिला वाईट वाटलं. तिला वाटलं, आपल्या हातचं नको झालं. गणपतीच्या आधी अम्मा गेली.

अम्माचा चाळिसावा दिवस झाल्यावर अब्बांनी मला मशिदीतून आणलेले कुराणाचे सिपारे परत द्यायला पाठवलं. मौलवीसाहेब ओसरीवर बसले होते. त्यांनी डोळे बारीक करून मला ओळखलं, बस म्हणाले. इकडचं तिकडचं विचारलं. मग जरा घुटमळून म्हणाले, "एक गोष्ट मनात राहिलीय बेटी. तुझी अम्मा दर जुम्म्याला तिसऱ्या पाठवायची. मागच्या थंडीत एकदम बंद झालं. मी एकदा बोललो होतो, मीठ अंमळ जास्त पडलं म्हणून. ते मनाला लावून घेतलं का तिने?"

मला रडू आवरेना. आणि मग मी सगळं सांगितलं, आन मोडून. पुस्तिका, पान, शिंपले, वीटभट्टीवरचे रोजे.

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "अगं, ते पुस्तक खोटं नाही," ते म्हणाले. "ते त्यांचं आहे. ते लोक हनफी पंथाचे. आपण कोकणातले बहुतेक शाफई. आपल्यात पाण्यातच राहणारा जीव चालतो. चिंबोरी पाण्याबाहेरही जगते, म्हणून तिच्यावर आपल्या आलिमांतही दोन मतं आहेत. पण तिसरी? तिसरी बिचारी पाणी सोडून कुठे जाते? ती तर साफ हलाल. मी काय डोळे मिटून खात होतो?"

शाफई हा शब्द मी मदरशात ऐकला होता. दुपार कलल्यावरचा असरचा नमाज आपण जरा लवकर पढतो, त्याच्याशी जोडलेला एक शब्द, एवढंच मला माहीत होतं. तो ताटापर्यंत येतो, हे माहीत नव्हतं.

"तिने मला विचारलं असतं तर..." मौलवीसाहेब बोलता बोलता थांबले.

"तुम्हालाच कसं विचारणार होती?" मी म्हटलं. "तुम्हाला खिलवलेलं, त्याचीच तर तिला लाज होती."

मी निघताना त्यांनी फक्त म्हटलं, "तिच्या हाताला मीठ बरोबर होतं. मीच उगाच बोललो."

पेणला गेल्यावर नाझनीनला पुस्तिका परत दिली. तिला सांगितलं तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त रडली. "मला वाटलं, तू फक्त वाचायला नेतेस," ती म्हणत राहिली. तिच्या दादीने माझ्यासाठी दुवा मागितली. मला कुणावर तरी रागवायचं होतं. आजही शोधते आहे.

अब्बांना मात्र मी काही सांगितलं नाही. वर्ष गेलं, दुसरी थंडी आली. अब्बांनी अम्माच्या मागोमाग खाडीचं सगळंच सोडलं होतं, का ते न विचारता. बाजारातून आणलं तर बोंबील, बांगडा. दर सुट्टीत मी ठरवून जायची आणि न सांगता परत यायची. ती गोष्ट सांगायची म्हणजे त्यांची बायको कशाने झुरली तेही सांगायचं, आणि कुणामुळे.

परवा त्या बाईला 'नको' म्हटल्यावर मात्र मला राहवेना. रविवारी मी गावी गेले. अवस जवळ होती, पाणी लांब हटणार होतं, एवढं मला कळत होतं. सलवार वर खोचली आणि जन्मात पहिल्यांदा बांध उतरून चिखलात गेले. हिरामावशी लांब होती, तिने पाहिलं, पण हाक मारली नाही.

पाय मांडीपर्यंत रुतले. अम्मा त्या चिखलावरून घरातल्यासारखी चालायची. मला एक पाऊल काढायला दोन्ही हात टेकावे लागत होते. वर एवढंसं छिद्र दिसलं की खाली तिसरी असते, असं ऐकलं होतं. सगळीकडे छिद्रंच होती. कुठलं तिसरीचं, कुठलं किड्याचं, कळेना. बोटांना शिंपेने कापलं. दोन तासांत ओंजळभर मिळाल्या. हिरामावशी शेवटी जवळ आली, माझी पिशवी पाहिली, स्वतःच्या पिशवीतल्या दोन मुठी तिच्यात टाकल्या आणि म्हणाली, "चल. पानी फिरलं."

अम्मासारखं वाटण जमेल तसं केलं. खोबरं, चिंच, दूध. अब्बा शिफ्टवरून दुपारी आले. मी ताट पुढे ठेवलं. त्यांनी पाहिलं आणि हात तसाच राहिला.

"अब्बा, आपल्यात चालतं," मी म्हटलं. "मौलवीसाहेबांनी सांगितलंय. पहिल्यापासून चालत होतं. माझ्या पुस्तकात चुकीचं नव्हतं, पण ते आपलं नव्हतं. माझ्यामुळे अम्माने..."

अब्बांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, खाल्ला. त्यांच्या दाताखाली कचकच वाजलं. मेलेल्या शिंपीत नुसता चिखल भरलेला असतो. तशी एक जरी गेली तर सगळा रस्सा नासतो, म्हणून बायका प्रत्येक तिसरी दुसरीवर आपटून आवाज ऐकतात. मी आपटल्या नव्हत्या. कुठला आवाज ऐकायचा ते मला माहीत नव्हतं.

"टाकून देते अब्बा. चिखल आलाय."

"बस गो," ते म्हणाले. आणखी एक घास घेतला. मग ताटाकडे बघत बोलले, "तुजी अम्मा शेवटी तापात बोलली मला, पुस्तकाचं. मी तिला म्हटलं, मौलवीसाबना बोलावतो, इचारून घेऊ. नको म्हनाली. म्हनाली, मौलवीसाब एकांद वेल चुकतील. आपली पोरगी शिकलीय, ती कशी चुकंल?"

त्यांनी दातांत आलेली रेती बोटाने काढून ताटाच्या कडेला पुसली, आणि पुन्हा भाकरी बुडवली.